घटक ६ : शेलच्या मूलभूत आज्ञा आणि त्यांतील अर्थभेद

६.१ प्रास्ताविक

मागील घटकात बोलीचे नमुने कसे गोळा करावेत, निवेदक कसा निवडावा आणि नोंद कशी करावी हे आपण पाहिले. आता ती नोंद संगणकावर आली आहे. तिचे पुढे काय करायचे, हा या घटकाचा विषय आहे.

मराठीच्या पदवी अभ्यासक्रमात संगणकाच्या आज्ञा कशासाठी, असे तुमच्यापैकी काहींना वाटेल. त्याचे उत्तर पुण्यातच मिळते. येरवड्याजवळच्या डेक्कन कॉलेजमध्ये १९४८ साली डॉ. सु. मं. कत्रे यांच्या पुढाकाराने संस्कृतच्या बृहत्कोशाचे काम सुरू झाले. सुमारे १५०० ग्रंथ वाचून त्यांतील शब्द संदर्भासह चिठ्ठ्यांवर उतरवण्यात आले. हे वेचे काढण्याचे काम १९७३ पर्यंत चालले. अशा सुमारे एक कोटी नोंदी जमल्या आणि कोशाचा पहिला भाग १९७६ मध्ये डॉ. अ. मा. घाटगे यांच्या संपादनाखाली निघाला. त्या चिठ्ठ्यांचे काय करावे लागत असेल, याची कल्पना करा. चिठ्ठीची प्रत करणे, ती एका खणातून दुसऱ्या खणात हलवणे, वर्णानुक्रमे लावणे, सारख्या चिठ्ठ्या एकत्र ठेवणे, हवी ती शोधणे, एकूण किती झाल्या ते मोजणे आणि क्वचित एखादी रद्द करणे. कोशकाराच्या हातांची ही सहा-सात कामे. शेलच्या मूलभूत आज्ञा नेमकी हीच कामे करतात. फरक इतकाच, की चिठ्ठी हरवली तर ती निदान जमिनीवर पडलेली सापडू शकते.

या घटकात आज्ञांची यादी पाठ करून घेण्याचा हेतू नाही. यादी कोठेही मिळते. वरवर सारख्या दिसणाऱ्या आज्ञांमध्ये अर्थाचा फरक कोठे आहे आणि तो न ओळखल्यास आपल्या सामग्रीचे काय होते, याकडे लक्ष द्यायचे आहे. समानार्थी शब्दांतील अर्थच्छटा ओळखण्याची सवय तुम्हाला आहेच; तीच येथे वापरायची.

लेखनाविषयी एक सूचना. या पुस्तिकेत आज्ञांची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्ष संगणकावर ती रोमन लिपीत, सर्व लहान अक्षरांत टंकायची असतात. ‘सीपी’ असे वाचले की त्या नावाची दोन लहान रोमन अक्षरे टंकावीत आणि एंटर कळ दाबावी. फाइलींची नावे मात्र देवनागरीत ठेवायला हरकत नाही. लिनक्समध्ये आज्ञा देण्याची खिडकी उघडण्यासाठी बहुधा कंट्रोल, ऑल्ट आणि टी या तीन कळा एकदम दाबाव्या लागतात. या खिडकीला टर्मिनल म्हणतात. आपण टंकलेली ओळ वाचून तिचा अर्थ लावणाऱ्या आज्ञावलीला शेल, म्हणजे कवच, असे म्हणतात. ती संगणकाच्या गाभ्याभोवती असते म्हणून हे नाव.

६.२ नावे इतकी तोकडी का?

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी १९६९ पासून युनिक्स ही प्रणाली घडवली. तिची पहिली मार्गदर्शिका नोव्हेंबर १९७१ ची आहे आणि तीत कॅट, सीपी, एलएस, एमव्ही, आरएम, डब्ल्यूसी या आज्ञा आढळतात. त्या काळी पडद्याऐवजी दूरमुद्रकासारखे यंत्र वापरत. ते सेकंदाला सुमारे दहा अक्षरे छापत असे. तेव्हा ‘कॉपी’ या चार रोमन अक्षरांच्या शब्दाचे दोन अक्षरी ‘सीपी’ झाले, ‘मूव्ह’चे ‘एमव्ही’, ‘रिमूव्ह’चे ‘आरएम’ आणि ‘लिस्ट’चे ‘एलएस’. बोलण्याच्या ओघात शब्द झिजतात हे आपण ध्वनिपरिवर्तनात शिकलो. येथे ते यंत्राच्या संथपणामुळे झिजले. यंत्रे वेगवान झाली, पण झिजलेली रूपे तशीच राहिली. भाषेतही तसेच होते.

या आज्ञा जुन्या झाल्या असे समजू नये. पुण्यात १९८८ मध्ये सी-डॅकची स्थापना झाली आणि १९९१ मध्ये तिने परम ८००० हा महासंगणक तयार केला. आज पुण्याच्या आयसरमध्ये परम ब्रह्म हा महासंगणक आहे. अशा यंत्रांवर काम करणारे संशोधक दूरवरून जोडले जातात आणि ओळी टंकूनच काम सांगतात. तुमच्या घरातील साध्या संगणकावर लिनक्स असेल, तर त्यावरही याच आज्ञा चालतात.

६.३ क्रियापद आधी, विभक्ती नाहीच

शेलची ओळ म्हणजे आज्ञार्थी वाक्य. तिचा कर्ता अध्याहृत असतो. मराठीत ‘प्रत कर’, ‘प्रत करा’, ‘प्रत करावी’ अशी आदराची उतरंड असते. शेलमध्ये ती नाही. मराठीत क्रियापद सामान्यतः शेवटी येते. शेलमध्ये ते सर्वांत आधी येते. त्यामागे क्रियाविशेषणासारखी चिन्हे येतात. ती आडव्या रेघेने सुरू होतात आणि त्यांना पर्याय म्हणतात. शेवटी नामे, म्हणजे फाइलींची किंवा फोल्डरांची नावे, येतात.

आता या भाषेचे सर्वांत महत्त्वाचे वैशिष्ट्य पाहू. ‘रामाने रावणाला मारले’ हे वाक्य ‘रावणाला रामाने मारले’ असे फिरवले तरी रामाचा रावण होत नाही, कारण प्रत्यय नामाला चिकटलेले आहेत. शेलला विभक्तिप्रत्यय नाहीत. तेथे पदाचा क्रम हाच कारकसंबंध. ‘सीपी मुळशी मुळशी_प्रत’ या ओळीत पहिले पद कर्म आहे, दुसरे पद अधिकरण. पदे उलटी टंकली तर अर्थही उलटा होतो. समजा, ‘मुळशी’ या फाइलीत आजची ताजी नोंद आहे आणि ‘मुळशी_प्रत’ ही आठवड्यापूर्वीची. ‘सीपी मुळशी_प्रत मुळशी’ असे लिहिले, की जुनी नोंद नव्या नोंदीवर बसते आणि आजचे काम नाहीसे होते. शेल काहीही बोलत नाही, कारण त्याच्या दृष्टीने वाक्य शुद्ध आहे.

किंबहुना काहीही न बोलणे हेच या भाषेत काम झाल्याचे लक्षण आहे. आज्ञा यशस्वी झाली तर बहुतेक वेळा पडद्यावर काहीच उमटत नाही. चूक झाली तरच संदेश येतो. नवशिक्यांना हे मौन अस्वस्थ करते आणि ते तीच आज्ञा पुन्हा देतात. तसे करू नये.

पदांमधील रिकाम्या जागेलाही व्याकरण आहे. मराठीत ‘माणूसप्राणी’ एकत्र लिहावे की तोडून, यावर वाद घालता येतो. शेलमध्ये वाद नाही. जागा सोडली की नवे पद सुरू झाले. ‘पुणे नोंदी’ नावाची एकच फाइल असेल आणि तुम्ही ‘आरएम पुणे नोंदी’ लिहिले, तर शेल ‘पुणे’ आणि ‘नोंदी’ या दोन वेगळ्या फाइली पुसायला जाते. त्या नावांच्या फाइली खरोखरच असतील तर त्या पुसल्या जातात आणि जी पुसायची होती ती तशीच राहते. यावर दोन उपाय आहेत. पूर्ण नाव अवतरणचिन्हांत घालावे, किंवा नाव देतानाच मधे खालची रेघ घालून त्याचा समास करून टाकावा. मी दुसरा उपाय सुचवीन.

६.४ मी कोठे आहे?

आज्ञा देण्यापूर्वी आपण कोणत्या फोल्डरमध्ये आहोत हे ठाऊक असले पाहिजे. ते ‘पीडब्ल्यूडी’ सांगते. (सार्वजनिक बांधकाम खात्याशी तिचा संबंध नाही.) ‘एलएस’ त्या फोल्डरमध्ये काय आहे ते दाखवते आणि ‘सीडी’ आपल्याला दुसऱ्या फोल्डरमध्ये नेते. तिघींमध्ये फक्त ‘सीडी’ आपली जागा बदलते. पहिल्या दोन नुसत्या माहिती देतात, म्हणून त्या कितीही वेळा दिल्या तरी धोका नाही. ‘एलएस’ला ‘-एल’ जोडले तर प्रत्येक फाइलीचा आकार आणि शेवटच्या बदलाची वेळ दिसते. वर सांगितलेल्या ‘मुळशी’ आणि ‘मुळशी_प्रत’ यांतील ताजी कोणती हे आधी पाहण्यासाठी तिचा उपयोग करावा.

पत्ता दोन प्रकारांनी देता येतो. तिरप्या रेघेने सुरू होणारा पत्ता मुळापासून मोजलेला असतो आणि तो कोठूनही खरा असतो. तिरपी रेघ नसलेला पत्ता आपण उभे आहोत तेथून मोजला जातो. ‘विश्रामबागवाडा, सदाशिव पेठ, पुणे’ हा पहिल्या जातीचा पत्ता. ‘पुढच्या चौकातून डावीकडे’ हा दुसऱ्या जातीचा. दोन टिंबे एकत्र लिहिली तर वरचा फोल्डर आणि एकच टिंब म्हणजे ‘येथेच’.

६.५ प्रत आणि स्थलांतर

‘सीपी’ आणि ‘एमव्ही’ यांची वाक्यरचना एकसारखी आहे, परिणाम वेगळे आहेत. ‘सीपी’नंतर मूळ फाइल जागेवर राहते आणि दुसरी तयार होते. ‘एमव्ही’नंतर एकच फाइल उरते, तिची जागा किंवा नाव बदललेले असते. फोल्डरची प्रत करायची तर ‘सीपी’ला ‘-आर’ हा पर्याय द्यावा लागतो, नाहीतर ती नकार देते. ‘एमव्ही’ला तशी गरज नसते.

जागा बदलणे आणि नाव बदलणे या आपल्या दृष्टीने दोन क्रिया आहेत. विंडोजच्या आज्ञाभाषेत त्यांसाठी ‘मूव्ह’ आणि ‘रेन’ अशी दोन क्रियापदे आहेतही. युनिक्सने मात्र एकाच ‘एमव्ही’वर दोन्ही अर्थ सोपवले. मराठीत ‘लावणे’ हे क्रियापद दिव्याबरोबर एक अर्थ देते, रोपाबरोबर दुसरा आणि दाराबरोबर तिसरा. कोणता घ्यायचा ते शेजारचे नाम ठरवते. ‘एमव्ही’चेही तसेच आहे. ‘एमव्ही मावळ जुने’ या ओळीत ‘जुने’ नावाचा फोल्डर आधीच असेल, तर ‘मावळ’ त्याच्या आत जाते. तसा फोल्डर नसेल, तर ‘मावळ’ या फाइलीचेच नाव ‘जुने’ होते. आणि ‘जुने’ नावाची साधी फाइल आधीपासून असेल, तर ती नष्ट होऊन तिच्या जागी ‘मावळ’मधील मजकूर येतो. एकच ओळ, तीन अर्थ, आणि संदर्भ पडद्यावर दिसत नाही.

यावर सोपा उपाय आहे. फोल्डरच्या नावापुढे तिरपी रेघ द्यावी. मग तसा फोल्डर नसल्यास शेल फाइलीचे नाव न बदलता चूक दाखवते. शिवाय ‘सीपी’ आणि ‘एमव्ही’ दोहोंना ‘-आय’ हा पर्याय जोडता येतो. त्याने त्या जुन्या फाइलीवर लिहिण्यापूर्वी विचारतात. निदान पहिले वर्षभर ही सवय ठेवावी.

६.६ पुसणे, आणि नकळत पुसणे

‘आरएम’ फाइल पुसते. चित्रांकित खिडक्यांच्या जगात पुसलेली फाइल आधी कचरापेटीत जाते. ‘आरएम’च्या जगात कचरापेटी नाही. ‘आरएमडीआयआर’ फोल्डर पुसते, पण तो रिकामा असेल तरच. आत एक जरी फाइल असली तरी ती थांबते. ‘आरएम -आर’ मात्र फोल्डर आतल्या सर्व गोष्टींसह पुसते. म्हणून रिकामा समजून फोल्डर काढताना ‘आरएमडीआयआर’ वापरावी. आपला समज चुकीचा असेल तर ती तो आपल्या लक्षात आणून देते. फुलीचे चिन्ह * म्हणजे ‘सर्व नावे’. ‘आरएम मुळशी*’ म्हणजे मुळशीने सुरू होणाऱ्या सर्व फाइली पुसणे. यात फुलीच्या आधी चुकून जागा सुटली तर काय होईल, हे ६.३ वाचलेल्या विद्यार्थ्याला सांगायला नको.

तरीही माझ्या अनुभवात ‘आरएम’ने फारसे नुकसान होत नाही, कारण तिला लोक घाबरतात. खरे नुकसान करणारे चिन्ह दिसायला निरुपद्रवी आहे. > हे चिन्ह आज्ञेचे उत्तर पडद्याऐवजी फाइलीत पाठवते. >> हे चिन्हही तेच करते. पहिले चिन्ह फाइल आधी रिकामी करते आणि मग लिहिते. दुसरे चिन्ह आधीच्या मजकुराच्या शेवटी भर घालते. विद्यार्थ्यांचे क्षेत्रकार्याचे प्रकल्प तपासताना हा एकच अपघात मी पुनःपुन्हा पाहिला आहे. सोमवारी एका गावातील शब्द > वापरून ‘सर्व_शब्द’ या फाइलीत घातले. मंगळवारी दुसऱ्या गावातील शब्दही > वापरूनच घातले. शनिवारी फाइल उघडली, तर तीत फक्त शनिवारचे गाव होते. पाच दिवसांच्या नोंदींपैकी कागदावर जे राहिले होते तेवढेच परत मिळाले. एका प्रकल्पात निवेदिका ऐंशीच्या पुढच्या होत्या आणि त्यांच्या तोंडी असलेले भातशेतीचे शब्द गावात इतर कोणी वापरत नव्हते. तेथे एका चिन्हाऐवजी दोन चिन्हे हा केवळ टंकलेखनाचा प्रश्न राहत नाही.

याच चिन्हाचा आणखी एक सापळा आहे. ‘सॉर्ट शब्द > शब्द’ ही ओळ ‘शब्द फाइल क्रमाने लावून तिथेच ठेव’ अशी वाटते. शेल ओळ वाचते तेव्हा आधी > पाहून ‘शब्द’ ही फाइल लिहिण्यासाठी रिकामी करते आणि त्यानंतर ‘सॉर्ट’ला कामाला लावते. ‘सॉर्ट’ला वाचायला काहीच उरत नाही. फाइल शून्य आकाराची होते. उत्तर नेहमी नव्या नावाच्या फाइलीत पाठवावे आणि तपासल्यावर नाव बदलावे.

६.७ वाचणे आणि शोधणे

‘कॅट’ या नावाचा मांजराशी संबंध नाही. ‘एकापुढे एक जोडणे’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दाच्या पोटातून काढलेला तो तुकडा आहे. ‘कॅट मावळ मुळशी > सर्व’ अशी फाइली जोडणे हे तिचे खरे काम. एकच फाइल दिली तर ती पडद्यावर ओतली जाते. लांब फाइल वाचायची असेल तर ‘लेस’ वापरावी, कारण ती पानापानाने दाखवते आणि मागेही जाऊ देते. बाहेर पडण्यासाठी क्यू ही कळ. ‘हेड’ आणि ‘टेल’ अनुक्रमे पहिल्या आणि शेवटच्या दहा ओळी दाखवतात.

‘फाइंड’ आणि ‘ग्रेप’ या दोन्ही शोध घेणाऱ्या आज्ञा आहेत. ‘फाइंड’ फाइलींची नावे, आकार, तारखा पाहते. ‘ग्रेप’ फाइलींच्या आतील मजकूर पाहते. ग्रंथालयाच्या तालिकेत पुस्तक शोधणे आणि पुस्तकात वाक्य शोधणे यांत जो फरक आहे तोच हा.

मराठीच्या विद्यार्थ्याचे खरे साधन ‘ग्रेप’ हेच आहे, आणि तिच्या मर्यादा व्याकरण शिकलेल्यालाच लवकर कळतात. ‘ग्रेप’ला शब्द कळत नाही, चिन्हांची ओळ कळते. ‘ग्रेप घोडा सर्व’ अशी आज्ञा दिली तर ‘घोडा’ असलेल्या ओळी मिळतील. ‘घोड्याला’, ‘घोड्यावर’, ‘घोडे’ असलेल्या मिळणार नाहीत. आपल्या नामांचे सामान्यरूप होते हे तिला ठाऊक नाही. मग ‘ग्रेप घोड सर्व’ असे लिहावे, तर वरील सर्व रूपे मिळतातच, पण त्यांच्यासोबत घोडनदी आणि घोडेगावही येतात. ‘पाणी’ शोधताना ‘पाण्यात’ सुटते. ‘पाण’ शोधले तर ‘पाणउतारा’ आणि ‘पाणबुडी’ हाती लागतात. यंत्राने दिलेल्या ओळी वाचून निवडणे हे काम अभ्यासकाकडेच राहते.

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. ‘दुसऱ्या’ या शब्दातील अर्धा र संगणकावर दोन प्रकारे लिहिला जातो. एका प्रकारात खाली टिंब असलेल्या र साठी ठरवलेले स्वतंत्र चिन्ह वापरतात. दुसऱ्या प्रकारात साधा र, हलन्त आणि त्यामागे एक अदृश्य जोडचिन्ह. छापल्यावर दोन्ही एकसारखे दिसतात. ‘ग्रेप’ला ते दोन वेगळे शब्द आहेत. ‘ॲप’मधील पहिल्या स्वराचेही तसेच. त्यासाठी २००८ मध्ये युनिकोडमध्ये स्वतंत्र चिन्ह आले. त्याआधीच्या मजकुरात तो अ आणि चंद्र अशा दोन तुकड्यांत सापडतो. पुण्यात तयार झालेल्या श्रीलिपीसारख्या प्रणालींनी मराठी मुद्रणाचे फार मोठे काम केले, परंतु त्या काळातील मजकूर फाँटच्या स्वतःच्या संकेतांत साठवलेला असतो. तो युनिकोडमध्ये रूपांतरित केल्याशिवाय त्यात देवनागरी शब्द शोधताच येत नाही. तेव्हा ‘हा शब्द या संग्रहात आढळत नाही’ असे विधान करण्यापूर्वी शोध दोन्ही लेखनरूपांनी घेतला आहे ना, हे पाहावे. ‘ग्रेप’ने काही दाखवले नाही, याचा अर्थ ‘या रूपात नाही’ एवढाच होतो.

६.८ मोजणे : अक्षर म्हणजे काय?

‘डब्ल्यूसी’ मोजणी करते. ‘-एल’ पर्यायाने ओळी, ‘-डब्ल्यू’ने शब्द, ‘-सी’ने बाइट आणि ‘-एम’ने चिन्हे मोजली जातात. इंग्रजी मजकुरात शेवटच्या दोहोंचे उत्तर सहसा एकच येते, म्हणून इंग्रजी पुस्तके हा फरक एका वाक्यात उरकतात. आपल्याला तसे करून चालणार नाही.

‘एको पुणे | डब्ल्यूसी -सी’ ही ओळ देऊन पाहा. (उभी रेघ आधीच्या आज्ञेचे उत्तर पुढच्या आज्ञेच्या हाती देते. ही सोय डग्लस मॅकिलरॉय यांच्या सूचनेवरून १९७३ मध्ये युनिक्समध्ये आली.) उत्तर १३ येते. ‘-सी’च्या जागी ‘-एम’ घातले तर ५ येते. दोन्हींमध्ये ओळ संपल्याचे एक अदृश्य चिन्ह धरलेले आहे. ते वगळले तर १२ आणि ४. आपण तर ‘पुणे’ या शब्दात दोनच अक्षरे मोजतो. मग खरे कोणते?

तिन्ही खरी आहेत, कारण मोजलेल्या वस्तू तीन आहेत. युनिकोडमध्ये प, उकार, ण आणि एकार ही चार वेगळी चिन्हे आहेत; म्हणून ४. आज सर्वत्र रूढ असलेल्या यूटीएफ-८ या साठवणपद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट व्यापते, म्हणून १२. स्वरचिन्हासह व्यंजन हे आपण एक अक्षर धरतो, म्हणून २. ‘क्षत्रिय’ हा शब्द घेतला तर आपली अक्षरे तीन, युनिकोडची चिन्हे आठ (दोन हलन्त चिन्हे धरून) आणि बाइट चोवीस. छंदःशास्त्र शिकताना अक्षरगणवृत्त आणि मात्रावृत्त यांत आपण मोजण्याचे एकक बदलतो. येथेही प्रथम एकक ठरवावे आणि मग मोजावे. आपल्या पारंपरिक अर्थाने अक्षर मोजणारा पर्याय ‘डब्ल्यूसी’मध्ये नाही.

शब्दांची मोजणीही निर्दोष नाही. ‘-डब्ल्यू’ पर्याय रिकाम्या जागांवरून शब्द ओळखतो. ‘घरासमोर’ हा त्याच्या लेखी एक शब्द. त्याच अर्थाचे हिंदीतील ‘घर के सामने’ हे तीन शब्द. म्हणून एका मजकुराचे मराठी आणि हिंदी भाषांतर शब्दसंख्येवरून तोलणे व्यर्थ आहे. दोन मराठी मजकुरांची तुलना करतानाही दोघांनी शब्दयोगी अव्यये जोडून लिहिली आहेत का, हे आधी पाहावे लागते.

६.९ क्रम लावणे

‘सॉर्ट’ ओळी क्रमाने लावते आणि ‘युनिक’ सारख्या ओळींपैकी एकच ठेवते. ‘युनिक’ फक्त लागोपाठ आलेल्या सारख्या ओळी ओळखते. दोन समान चिठ्ठ्या खणात दूरदूर असतील तर तिला त्या दिसत नाहीत. म्हणून आधी ‘सॉर्ट’, मग ‘युनिक’ हा क्रम ठेवावा. ‘सॉर्ट शब्द | युनिक -सी | सॉर्ट -एनआर’ ही साखळी प्रत्येक शब्द किती वेळा आला ते मोजून सर्वाधिक आलेला शब्द सर्वांत वर ठेवते. त्यासाठी एका ओळीवर एकच शब्द हवा. हे काम ‘टीआर’ करते. ती रिकाम्या जागेचे रूपांतर नव्या ओळीत करते. पण तिच्याकडून मराठी अक्षरे बदलून घेऊ नयेत. लिनक्समधील तिचे प्रचलित रूप बाइट पाहते, चिन्ह पाहत नाही, आणि देवनागरीच्या तीन बाइटांची मोडतोड करते. अक्षरे बदलण्यासाठी ‘सेड’ ही आज्ञा आहे; तिचा विचार पुढील घटकात करू.

‘सॉर्ट’चा वर्णानुक्रम कोणता, हा प्रश्न कोशाच्या अभ्यासकाने विचारलाच पाहिजे. तिच्यापूर्वी ‘एलसी_ऑल=सी’ असे लिहिले, तर ती युनिकोडमधील क्रमांकांप्रमाणे लावते. त्या क्रमांकांत ळ हा ल च्या लगेच नंतर येतो. शाळेतील वर्णमालेत तो ह च्या नंतर, क्ष आणि ज्ञ यांच्या आधी येतो. त्यामुळे यंत्र ‘काल, काळ, कावळा, कासव, काही’ असे लावते, तर वर्णमालेप्रमाणे ‘काल, कावळा, कासव, काही, काळ’ असा क्रम हवा. यंत्राचा क्रम चुकीचा म्हणता येणार नाही. अनेक भारतीय लिप्यांना समान चौकट देताना ळ ची जागा तेथे ठरली. परंतु मराठी कोशाच्या हस्तलिखितासाठी तो चालणार नाही. कोणत्या क्रमाने शब्द लावले हे आपल्या शब्दसूचीच्या प्रारंभी एका ओळीत नोंदवावे.

कोणत्याही आज्ञेचा अधिक तपशील ‘मॅन’ या आज्ञेने मिळतो. ‘मॅन सीपी’ लिहिले की ‘सीपी’ची मार्गदर्शिका उघडते. ती इंग्रजीत असते आणि रूक्ष असते. तरी तीतील पहिला परिच्छेद वाचावा.

६.१० स्वाध्याय

या स्वाध्यायासाठी ‘सराव’ नावाचा नवा फोल्डर ‘एमकेडीआयआर’ या आज्ञेने तयार करा आणि ‘सीडी’ने त्यात जा. प्रकल्पाच्या मूळ फाइलींवर सराव करू नका.

१. तुमच्या घरातील किंवा शेजारच्या एखाद्या वयस्क व्यक्तीकडून स्वयंपाकघरातील भांड्यांची पंधरा नावे विचारा. ती ‘भांडी’ या फाइलीत एका ओळीवर एक अशी लिहा. दुसऱ्या व्यक्तीकडून मिळालेली पंधरा नावे ‘भांडी_२’ या फाइलीत लिहा. मूळ दोन्ही फाइली न बदलता त्यांची एकत्र यादी तिसऱ्या फाइलीत तयार करा. कोणती चिन्हे व आज्ञा वापरल्या ते लिहा.

२. एकत्र यादीवर आधी फक्त ‘युनिक’ चालवा, नंतर ‘सॉर्ट’ आणि ‘युनिक’ चालवा. दोन्ही उत्तरांत फरक पडला का? का पडला, अथवा का पडला नाही?

३. यादीतील सर्वांत लांब वाटणारा शब्द घ्या. त्यातील अक्षरे हाताने मोजा; मग ‘डब्ल्यूसी’ने चिन्हे आणि बाइट मोजा. तिन्ही आकड्यांतील फरक प्रत्येक चिन्ह वेगळे लिहून दाखवा.

४. ‘एमव्ही भांडी संग्रह’ ही ओळ तीन वेगवेगळ्या परिस्थितींत देऊन पाहा : ‘संग्रह’ नावाचे काहीही नसताना, त्या नावाचा फोल्डर असताना आणि त्या नावाची फाइल असताना. दर वेळी आधी ‘भांडी’ची प्रत करून ठेवा.